‘मुंगी चावल्यासारखं होईल’ म्हटलं की जास्त का दुखतं?

डॉक्टर, नर्स, मानसशास्त्रज्ञ आणि भाषेचे अभ्यासक जगभरातून एका शहरात जमतात आणि दवाखान्यात माणसं एकमेकांशी कशी बोलतात यावर तीन-चार दिवस खल करतात, हे मी सांगलीच्या आमच्या कट्ट्यावर सांगितलं तेव्हा हशा पिकला. ‘बोलायला कसली आलीय परिषद? गोड बोलावं, झालं,’ हे एकाचं म्हणणं. ‘गोड बोलणाऱ्या डॉक्टरचं बिल बघा आधी,’ हे दुसऱ्याचं. या दुसऱ्या गृहस्थांच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं असल्यामुळे त्यांच्याशी कोणी वाद घातला नाही.

परिषद मात्र खरी आहे. ‘इंटरनॅशनल कॉन्फरन्स ऑन कम्युनिकेशन इन हेल्थकेअर’ हे तिचं लांबलचक नाव. युरोपातली ‘ईच’ ही संस्था ती भरवते. २०१४ साली ती ॲम्स्टरडॅमला झाली, २०१६ ला हायडेलबर्गला, २०१८ ला पोर्तुगालमधल्या पोर्तोला, २०२२ ला ग्लासगोला आणि २०२४ ला स्पेनमधल्या सारागोसाला. अशा ठिकाणी सुविचारांची देवाणघेवाण चालत असणार, पेशंटशी हसून बोला, त्याला धीर द्या वगैरे, अशी कट्ट्याची समजूत. प्रत्यक्षात हा विषय मोजमापाचा आहे. त्यातलं एक मोजमाप मला इतकं आवडतं की खरं तर हा लेख त्याच्यासाठीच लिहितोय. पण तिथवर जाण्याआधी थोडं घड्याळाबद्दल.

या क्षेत्रातल्या लोकांची पहिली हत्यारं म्हणजे टेपरेकॉर्डर आणि स्टॉपवॉच. १९८४ साली अमेरिकेत हॉवर्ड बेकमन आणि रिचर्ड फ्रँकेल यांनी ७४ तपासण्या टेप करून ऐकल्या. ‘काय होतंय?’ असं विचारल्यावर आपलं म्हणणं शेवटपर्यंत सांगता आलं फक्त १७ जणांना. बाकीच्या बहुतेकांना डॉक्टरांनी मधेच तोडलं, तेही सरासरी १८ सेकंदांत. यावर डॉक्टरांचं उत्तर ठरलेलं: बोलू दिलं तर पेशंट थांबतच नाही, बाहेर बाकड्यावर पन्नास माणसं बसलेली असतात. तेही तपासून पाहिलं गेलं. २००२ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या रुग्णालयात डॉक्टरांना सांगितलं, पेशंट आपणहून थांबेपर्यंत तोंड उघडायचं नाही. ३३५ पेशंट झाले. सरासरी वेळ भरला ९२ सेकंद. दोन मिनिटांच्या आत ७८ टक्के लोकांचं बोलून झालं होतं, आणि पाच मिनिटांच्या वर गेले ते सगळे मिळून सात जण.

आता आपल्याकडे ९२ सेकंद तरी कुठून आणायचे, हा प्रश्न खोटा नाही. २०१७ साली ६७ देशांमधल्या तपासणीच्या वेळा एकत्र मांडल्या गेल्या, तेव्हा स्वीडनची सरासरी साडेबावीस मिनिटं निघाली, बांगलादेशची ४८ सेकंद आणि भारताची साधारण दोन मिनिटं. मिरजेत कुठल्याही सोमवारी सकाळी ओपीडीत जाऊन बसा, आकडा पटेल. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली इथं मिशनचं रुग्णालय काढलं, तेव्हापासून हे गाव दवाखान्यांचं आहे. रेल्वेनं, वडापनं, एसटीनं माणसं येतात, जतहून येतात, अथणी-चिकोडीहून येतात, विजापूरहून येतात. आजीला फक्त कन्नड येतं, डॉक्टरांना मराठी आणि इंग्रजी, आणि मधे दुभाष्या म्हणून आठवीतला नातू. आजीनं तीन मिनिटं सांगितलेलं तो ‘पोट दुखतंय म्हणते’ एवढ्यात उरकतो. दोन मिनिटांतला बराच वेळ असा अर्ध्या वाटेवर सांडतो.

वेळेचं हे गणित महत्त्वाचं आहे, पण ते सरळ आहे. ज्यानं मी चक्रावलो ते वेगळं आहे.

शेजारच्या काकूंच्या पायाच्या अंगठ्याचं नख रुतलं होतं, त्यांना घेऊन मिरजेच्या एका दवाखान्यात गेलो होतो. नख काढण्याआधी अंगठ्याच्या मुळाशी भुलीचं इंजेक्शन देतात. ज्यांनी घेतलंय त्यांना त्याची चव माहीत आहे. सिस्टर स्वभावानं फार चांगल्या. त्यांनी काकूंचा पाय हातात घेतला, स्पिरिटचा बोळा फिरवला आणि म्हणाल्या, ‘काकू, आता मुंगी चावल्यासारखं होईल हं. थोडं दुखणार. एवढंच काय ते दुखेल, मग काही नाही.’ सुई अजून ट्रेमध्येच होती. काकूंनी डोळे मिटले, पदराचं टोक दातात धरलं आणि पायाची पाचही बोटं आत आवळली. सुई टोचल्यावर जो आवाज निघाला तो बाहेर केसपेपरच्या खिडकीपर्यंत गेला.

सिस्टरांनी मायेनं सांगितलं, अगोदर कल्पना दिली, यात चूक काय? बॉस्टनच्या ब्रिगम अँड विमेन्स रुग्णालयातल्या भूलतज्ज्ञांनी नेमका हाच प्रश्न घेऊन प्रयोग केला, तो २०१० साली छापून आला. बाळंतपणासाठी पाठीच्या मणक्यात भूल घेणाऱ्या १४० बायका निवडल्या. मोठी सुई घालण्याआधी तिथली कातडी बधिर करायला एक छोटं इंजेक्शन देतात. निम्म्या जणींना सांगितलं, ‘आता मोठी मधमाशी चावल्यासारखं होईल, सगळ्यात त्रासाचा भाग हाच.’ उरलेल्यांना सांगितलं, ‘आता आम्ही तुम्हाला बधिर करायचं औषध देतोय, त्यानं ती जागा बधिर होईल आणि पुढचं सगळं होत असताना तुम्हाला आराम वाटेल.’ औषध तेच, टोचायची रीत तीच. किती दुखलं ते लगेच शून्य ते दहाच्या मापावर विचारलं, आणि विचारणाऱ्याला कोणाला कुठलं वाक्य मिळालंय हे माहीत नव्हतं. मधमाशीवाल्या गटाचा मधला आकडा आला ५, दुसऱ्या गटाचा ३.

मधमाशी त्यांची, मुंगी आपली. दोन अंकांचा हा फरक एका वाक्यानं पाडला. एखाद्या गोळीनं एवढा फरक पाडला असता तर तिचं पेटंट निघालं असतं.

इथं बहुतेक जण म्हणतात, ‘म्हणजे मनाचे खेळ.’ हे दोन शब्द उच्चारले की विषय संपला असं आपल्याकडे धरून चालतात, आणि माझं भांडण त्याच्याशी आहे. मनाचे खेळ खेळायलाही शरीरात जागा लागते, रसायनं लागतात. ती कुठली, हे गेल्या पन्नास-साठ वर्षांत बऱ्यापैकी सापडलेलं आहे.

दुखण्याचं शाळेतलं चित्र असं असतं: बोटाला टाचणी टोचली, मज्जातंतूतून संदेश निघाला, मज्जारज्जूतून मेंदूत पोचला, दुखलं. संदेश खालून वर, एकाच दिशेनं. टाचणी जितकी खोल तितकं दुखणं जास्त. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी या चित्रात मोठी दुरुस्ती सुचवली. संदेश मज्जारज्जूत शिरतो तिथंच त्याला कमी-जास्त करणारी सोय आहे, असं त्यांनी मांडलं. आपल्या भागात हे समजावणं सोपं आहे. पाटाला पाणी येतं तेवढंच येतं. उसाच्या कुठल्या सरीत किती जायचं हे रात्री दारं धरणारा ठरवतो. एका ठिकाणी खोऱ्यानं माती ओढून बंद करतो, दुसऱ्या ठिकाणी फोडतो. मज्जारज्जूच्या मागच्या बाजूला असंच दारं धरायचं काम चोवीस तास चालू असतं, आणि दार लावायचं की फोडायचं याचा हुकूम वरून, मेंदूकडून येतो.

हुकूम कुठून निघतो? मेंदूच्या खोडात मधोमध एक बारीक नळी आहे, तिच्याभोवती करड्या पेशींचा थर आहे. १९६९ साली डेव्हिड रेनॉल्ड्स या संशोधकानं उंदरांच्या या थरात तार बसवून बारीकसा विद्युतप्रवाह सोडला आणि भूल न देता त्यांच्या पोटाची शस्त्रक्रिया केली. उंदीर जागे होते आणि त्यांनी दुखल्याची काही खूण दाखवली नाही. थोडक्यात, हा थर चेतवला की खालची दारं लागतात. थरातून हुकूम उतरतो लंबमज्जेत, आणि तिथं दोन जातींच्या पेशी एकमेकींशेजारी राहतात. एका जातीच्या पेशी चालू झाल्या की दुखण्याचा संदेश मज्जारज्जूतच दाबला जातो, दुसऱ्या जातीच्या चालू झाल्या की तो वाढवून पुढं पाठवला जातो. संशोधकांनी त्यांना ‘ऑफ’ पेशी आणि ‘ऑन’ पेशी अशी नावं ठेवली आहेत. आणि करड्या थराला चेतवणारे किंवा थोपवणारे धागे येतात ते कपाळामागच्या मेंदूकडून. आता पुढं काय होणार, याचा अंदाज बांधत बसणारा भाग तो हाच. सिस्टरांचं वाक्य कानातून शिरतं ते शेवटी इथं जाऊन पोचतं.

आता रसायनांकडे. १९७८ साली सॅन फ्रान्सिस्कोत जॉन लेव्हिन, न्यूटन गॉर्डन आणि हॉवर्ड फील्ड्स यांनी अक्कलदाढ काढलेल्या लोकांना वेदनाशामक म्हणून प्लासिबो दिला, म्हणजे ज्यात औषध नाही असं ‘औषध’. काहींना त्यानं खरंच आराम पडला. मग नॅलोक्सोन दिलं. अफूच्या वर्गातल्या औषधांचा अंमल उतरवायला हे इंजेक्शन वापरतात. आराम पडलेल्यांचं दुखणं पुन्हा वाढलं. पण त्यांना अफू-मॉर्फिन दिलंच नव्हतं, मग नॅलोक्सोननं उतरवलं काय? त्यांच्याच मेंदूनं तयार केलेली मॉर्फिनच्या जातीची द्रव्यं. ‘आता बरं वाटेल’ या भरवशानं ती बाहेर पडली होती.

हे झालं आराम देणाऱ्या बाजूचं. मुंगीची बाजू उलटी आहे, तिला नोसिबो म्हणतात, आणि गंमत अशी की तिचं रसायन वेगळं आहे. इटलीत तुरीन इथं फाब्रिझिओ बेनेडेट्टी यांनी १९९७ साली शस्त्रक्रियेनंतरच्या पेशंटना साधं सलाईन टोचलं आणि सांगितलं, यानं थोडा वेळ दुखणं वाढेल. वाढलं. मग दुसऱ्या काही पेशंटना तेच सांगून सलाईनऐवजी प्रोग्लुमाइड नावाचं द्रव्य दिलं. दुखणं वाढलं नाही. प्रोग्लुमाइड हे कोलेसिस्टोकायनिनचा रस्ता अडवतं. कोलेसिस्टोकायनिन तुम्हाला शाळेतल्या पचनाच्या धड्यात भेटलेलं असेल: तेलकट खाल्लं की आतड्यातून सुटतं आणि पित्ताशयाला आकुंचन पावायला लावतं. तेच द्रव्य मेंदूत निरोप्याचं काम करतं, आणि लंबमज्जेतल्या त्या ‘ऑन’ पेशींना चेतवणाऱ्यांपैकी एक आहे. २००६ साली बेनेडेट्टींनी आणखी एक पायरी उलगडली. भीती कमी करणारं डायझेपाम दिलं तर भीतीनं वाढणारी संप्रेरकंही वाढत नाहीत आणि दुखणंही वाढत नाही. प्रोग्लुमाइड दिलं तर संप्रेरकं वाढतात, दुखणं मात्र वाढत नाही. म्हणजे शब्दांमधून आधी भीती, भीतीमधून एकीकडे संप्रेरकं आणि दुसरीकडे कोलेसिस्टोकायनिन, आणि दुखणं वाढतं ते या दुसऱ्या फाट्यानं. एवढा गुंता एका ‘दुखणार हं’मागे. (ज्यांचं डोकं इथं गरगरलं असेल त्यांनी एवढंच धरून पुढं यावं: धीर देणारा शब्द आणि धास्ती देणारा शब्द शरीरात दोन निरनिराळ्या वाटांनी उतरतात.)

आणि हे शब्द खऱ्या औषधालाही भिडतात. २०११ साली उलरिके बिंगेल आणि ऑक्सफर्डच्या सहकाऱ्यांनी २२ निरोगी माणसांच्या पायाला चटका देणारं यंत्र लावलं. नुसत्या चटक्याला त्यांनी शंभरात सरासरी ६६ गुण दिले. मग न सांगता रेमिफेंटानिल हे जबर वेदनाशामक शिरेतून सुरू केलं, गुण उतरले ५५ वर. मग ‘आता औषध सुरू करतोय’ असं सांगितलं. डोस अजिबात बदलला नाही, फक्त सांगितलं. गुण आले ३९. मग सांगितलं, ‘आता औषध बंद केलंय, दुखणं वाढू शकतं.’ औषध तसंच चालू होतं. गुण ६४. म्हणजे जवळपास औषध दिलंच नव्हतं अशी स्थिती. शिरेत रेमिफेंटानिल धो-धो चालू असताना एका वाक्यानं ते निकामी केलं. मेंदूच्या चित्रांमध्ये वरच्या हुकुमाची यंत्रणा पहिल्या वाक्यानंतर कामाला लागलेली दिसली, आणि दुसऱ्या वाक्यानंतर भीती आणि आठवणींशी संबंधित भाग तापलेले दिसले.

२०१७ साली हॅम्बर्गमध्ये तर मलम लावून पाहिलं. मलमात काहीच नव्हतं. एक महागड्या दिसणाऱ्या डबीत, दुसरं स्वस्त दिसणाऱ्या डबीत, आणि दोन्हीबद्दल सांगितलं की यानं चटका जास्त जाणवू शकतो. महाग डबीवाल्यांना जास्त जाणवला. त्याची खूण मज्जारज्जूच्या स्कॅनमध्येसुद्धा सापडली. महाग म्हणजे जालीम, हा हिशेब माणसं युरोपातही करतात.

हे सगळं टोचण्यापुरतं असतं तर सोडून दिलं असतं. पण घरोघरी कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे, आणि घरोघरी ती बंदही पडते आहे. ‘स्टॅटिननं स्नायू गळतात’ हा मेसेज दर पंधरवड्याला कुणी ना कुणी पाठवतंच. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या मंडळींनी असे ६० पेशंट घेतले ज्यांनी त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलं होतं. प्रत्येकाला वर्षभरासाठी बाटल्या दिल्या: चार महिने स्टॅटिन, चार महिने तशीच दिसणारी पोकळ गोळी, चार महिने रिकामी बाटली, क्रम मागे-पुढे केलेला. रोज मोबाइलवर त्रासाचे शंभरपैकी गुण भरायचे. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत सरासरी ८ आली, स्टॅटिनच्या महिन्यांत १६.३, आणि पोकळ गोळीच्या महिन्यांत १५.४. त्रास खराच होता, पोटऱ्या खरंच दुखत होत्या. पण त्याचा ९० टक्के वाटा गोळी घेतोय या जाणिवेचा होता. निष्कर्ष दाखवल्यावर त्यातल्या निम्म्यांनी गोळी पुन्हा सुरू केली. हा प्रयोग २०२० साली प्रसिद्ध झाला.

इटलीतलाच आणखी एक, २००७ सालचा. प्रोस्टेटच्या वाढीवर फिनास्टेराइड ही गोळी देतात. एका गटाला सांगितलं की लैंगिक तक्रारी उद्भवू शकतात, पण तसं क्वचितच होतं. दुसऱ्या गटाला त्याबद्दल काहीच सांगितलं नाही. वर्षभरानं पहिल्या गटात ४३.६ टक्के लोकांनी तशी तक्रार केली, दुसऱ्यात १५.३ टक्के.

मग काय, डॉक्टरांनी दुष्परिणाम लपवायचे? मुळीच नाही. पेशंटला माहिती मिळणं हा त्याचा हक्क आहे, आणि एक गंभीर दुष्परिणाम न सांगता राहिला तर जीव जाऊ शकतो. परिषदांमध्ये खरा वाद होतो तो इथंच, आणि तो मिटलेला नाही. मधला रस्ता असा सुचवला जातो की तीच माहिती दुसऱ्या बाजूनं मांडा. ‘शंभरात दहा जणांना मळमळतं’ आणि ‘शंभरातल्या नव्वद जणांना काही होत नाही, दहा जणांना थोडं मळमळतं आणि ते बहुधा आठवड्यात थांबतं’ ही दोन्ही वाक्यं सारखीच खरी असू शकतात. पण ऐकणाऱ्याच्या लंबमज्जेत ती वेगळी उतरतात. आपल्याकडे मात्र तिसराच प्रकार जास्त: ‘या गोळीनं काही होत नाही हो, घ्या’. पुढं पेशंट घरी जाऊन खोक्यातला कागद उलगडतो आणि त्या बारीक अक्षरांतलं सगळं स्वतःला होतंय का ते बघत बसतो.

आता ज्याची मला धास्ती आहे त्याबद्दल. हे प्रयोग वाचून काही लोक लगेच उड्या मारतात: बघा, मनात ताकद आहे, शब्दांत ताकद आहे, म्हणून मंत्रात ताकद आहे. पंचतारांकित हॉटेलात ‘विचारांनी कॅन्सर बरा करा’ म्हणणारे शिबिरवाले आणि पिंपळाखाली अंगारा फुंकणारा भगत हे दोघंही या विज्ञानाचा आधार घ्यायला टपलेले असतात. त्यांच्यासाठी २०११ सालचा बॉस्टनचा दम्याचा प्रयोग. एकाच पेशंटला वेगवेगळ्या दिवशी खरा पंप, औषध नसलेला पंप, खोटं ॲक्युपंक्चर किंवा काहीच नाही, असं दिलं. ‘किती बरं वाटलं?’ या प्रश्नाला खऱ्या पंपानंतर ५० टक्के सुधारणा सांगितली गेली, पोकळ पंपानंतर ४५ टक्के, खोट्या सुयांनंतर ४६ टक्के. काहीच न करता २१ टक्के. मग एका सेकंदात फुंकून किती हवा बाहेर पडते ते यंत्रावर मोजलं. खऱ्या पंपानंतर २० टक्के वाढ, बाकी तिन्ही वेळा सुमारे ७. बरं वाटत होतं आणि श्वासनळ्या आवळलेल्याच होत्या. दम्याच्या ॲटॅकमध्ये याच्याइतकं धोक्याचं काही नाही.

शब्दांची पोच आहे ती दुखणं, मळमळ, थकवा, धाप लागल्याची भावना इथपर्यंत, म्हणजे मेंदूला ज्याचं दार धरता येतं तिथपर्यंत. क्षयाचे जंतू, कॅन्सरची गाठ, मोडलेलं हाड यांच्याकडे हुकूम न्यायला अशी वाटच नाही. आपल्या जिल्ह्यात बत्तीस शिराळ्यामुळे नागाचं नाव निघतंच, तर नागाचंच घ्या. त्याचं विष मज्जातंतू आणि स्नायू जिथं भेटतात त्या सांध्यावर जाऊन बसतं, मेंदूचा हुकूम स्नायूपर्यंत पोचूच देत नाही. मेंदूत कितीही भरवसा निर्माण करा, वाटच तोडलेली असल्यावर श्वासाचे स्नायू हलणार कसे? तिथं प्रतिविष लागतं, आणि गरज पडली तर व्हेंटिलेटर. मांत्रिकाचे ‘गुण आलेले’ पेशंट म्हणजे धामण किंवा दिवड चावलेले, नाहीतर नाग चावला पण विष सोडलं नाही असे. साताऱ्याचे नरेंद्र दाभोलकर मिरजेच्याच वैद्यकीय महाविद्यालयात शिकून डॉक्टर झाले होते. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले तो त्याच वर्षी झाला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्र-तंत्र, गंडा-दोरा करणं हा त्या कायद्यानं गुन्हा आहे. आपल्या चाळीसेक किलोमीटरच्या टापूत हे अजून किती जणांना ठाऊक आहे, देव जाणे. (हो, ‘देव जाणे’ म्हणालो. सवय आहे.)

आपल्याकडे एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात २०१९ च्या तुकडीपासून वर्तन, नीती आणि संवाद हा भाग पहिल्या वर्षापासून सक्तीचा आहे. चांगलंच आहे. मात्र नाटुकल्यातल्या खोट्या पेशंटपुढं हात जोडून नमस्कार म्हणायला शिकवण्यात तो संपू नये. विद्यार्थ्यांना बिंगेल यांचे ते चार आकडे, ६६, ५५, ३९, ६४, फळ्यावर लिहून दाखवा. मग संवादाला ‘सॉफ्ट स्किल’ म्हणायचं धाडस कोणी करणार नाही.

आणि मिरजेतल्या एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंधाला विषय हवा असेल तर बॉस्टनचा प्रयोग इथं करून पाहता येईल. खर्च जवळजवळ नाही. भूल देताना बोलायची दोन वाक्यं मराठीत आणि दोन कन्नडमध्ये ठरवून घ्यायची: एक मुंगीचं, एक ‘आता ही जागा बधिर करायचं औषध देते, म्हणजे पुढचं जाणवणार नाही’ असं. कोणाला कुठलं, ते बंद पाकिटातल्या चिठ्ठीवर. नीतिसमितीची परवानगी, पेशंटची संमती आणि शून्य ते दहाची एक पट्टी, तीही आकड्यांपेक्षा चेहऱ्यांच्या चित्रांची, कारण अथणीच्या आजींना आकडा सांगणं अवघड जातं. पट्टी पुढं करणारी व्यक्ती मात्र वेगळी हवी, आणि टोचताना तिला खोलीबाहेर उभं करायचं.